काशीदादा, ते खड्डे खरे होते

काशीदादा, परवा तुमच्या घरी येऊन गेले. तीन वर्षं तुम्ही बोलावत होतात, एकदा करावेला जेवायला ये म्हणून, आणि तीन वर्षं मी पुढच्या रविवारी येते, पुढच्या रविवारी येते करत राहिले. शेवटी आले ती तुमचं बारावं उरकल्यावर. बरोबर नकाशाची गुंडाळी होती. बसमध्ये ती मांडीवर आडवी धरली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिचं टोक लागत होतं. वहिनींना काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, याची मनात तालीम चालली होती. तुमच्याशी बोलायची तालीम तर त्याआधी एकवीस दिवस करून झाली होती.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी नकाशे काढणाऱ्या यंत्रापाशी, आपल्या प्लॉटरपाशी, उभी होते. साहेबांनी केबिनच्या दारातून सांगितलं, काशीनाथ गेला, सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. प्लॉटर बंद करायचं मला सुचलं नाही. त्याचं पेन कागदावर सरसर पुढेमागे होत राहिलं आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. तुमचाच नकाशा निघत होता. सोमवारी तुम्ही रजेवरून परत आलात की तुमच्या टेबलावर तो पसरायचा आणि बाजूला हाताची घडी घालून उभं राहायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

वहिनींनी मला ओळखलं. दारातच म्हणाल्या, त्यांची मॅडम ना तू. मी मान डोलावली. हे 'मॅडम' तुम्ही घरीही म्हणत होतात हे ऐकून बरं वाटलं नाही, का ते तुम्हाला ठाऊक आहे. मग त्यांनी विचारलं की ते तिथं नेमकं काय काम करायचे. म्हणजे कमाल आहे दादा तुमची. बावीस वर्षांच्या संसारात तुम्ही त्यांना एवढंच सांगितलं होतं की मी रेघा गिरवतो.

मग मी सांगितलं. कागदी नकाशावर डोंगराच्या रेषा असतात, एका रेषेवर सगळीकडे उंची सारखी, आम्ही त्यांना कंटूर म्हणतो. दादा तो कागद मोठ्या टेबलावर चिकटवायचे आणि हातातलं भिंग रेषेवरून फिरवत बटण दाबत जायचे, की ती रेषा कॉम्प्युटरात उतरायची. रेषा संपली की तिची उंची टाईप करायची. अशा हजारो रेषा. मग माझा प्रोग्रॅम सगळ्या जमिनीचे बारीक चौकोन पाडायचा, प्रत्येक चौकोनाला त्याची उंची द्यायचा, आणि कॉम्प्युटरला डोंगर कुठे, दरी कुठे ते कळायचं. वहिनी म्हणाल्या, "म्हंजे हात त्यांचा आनि डोकं तुझं."

मी म्हटलं, हो, मीही असंच समजत होते.

मी बेलापूरच्या आपल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे, आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आणि घराण्यात कॉम्प्युटरसमोर बसणारी मी पहिली. त्यामुळे अंगात वारं शिरलेलं. तुम्ही माझ्या दुपटीहून चार वर्षं मोठे. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला रेषा जलद कशा गिरवायच्या ते शिकवायला बसले आणि तुम्ही निमूट शिकून घेतलंत. नंतर कुणीतरी मला सांगितलं की हा माणूस पंचवीस वर्षं शाईने नकाशे काढतोय, ह्याच्या हातची रेघ भिंगाखालीही थरथरलेली दिसत नाही. मी माफी मागायला आले तर तुम्ही म्हणालात, मॅडम, शिकवलंत ते बरं झालं, आमाला बटन दाबायचं कुठं येत होतं. सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

'मॅडम'चं 'बाय' व्हायला तीन महिने लागले. ते डब्यामुळे झालं. तुमची तांदळाची भाकरी आणि सुकट, माझी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तुम्ही माझ्या भाकरीचा तुकडा टेबलावर आपटून बघायचात आणि म्हणायचात, बाय, ह्या भाकरीवर घर बांधता येईल. मी म्हणायचे, तुमच्या सुकटीच्या वासानं प्लॉटर बंद पडतो. मग डबे बदलायचे. तुमच्याकडे गावातल्या बायकांना 'बाय' म्हणतात हे मला माहीत होतं, तरी आपल्याला कुणी खास काही म्हणतंय असं वाटायचं. माझ्या घरी मला नावाने हाक मारतात, तीही कामाला लावायची असली तरच.

एका रविवारी तुम्ही मला करावेच्या जेट्टीवर नेलंत. ओहोटी होती. खाडीचा चिखल लांबपर्यंत उघडा पडला होता, समोर उलव्याकडची तिवरं दिसत होती. त्या चिखलात शेकडो बिळं. तुम्ही विचारलंत, यातल्या कोणत्या बिळात चिंबोरी असेल सांग. मी मोठी बिळं दाखवली. तुम्ही प्रत्येक वेळी मान हलवलीत. मग एका बारक्या भोकाकडे बोट केलंत, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यात आकडी घालून हाताएवढी चिंबोरी ओढून काढलीत. मी विचारलं, कसं ओळखलं. तुम्ही म्हणालात, "बिलाकडं बघू नको, बाय. बिलाकडं येनारी वाट बघ." जिवंत बिळाच्या तोंडाशी ओल्या चिखलात खुणा असतात, पाण्याची बारीक चर तिकडे वळलेली असते. मेलेल्या बिळाकडे कुणी जात नाही, ते नुसतंच भोक. त्या दिवशीही तुम्ही घरी चल म्हणालात, वहिनी वाट बघतेय म्हणालात, आणि मला उशीर होतोय म्हणून मी तिथूनच परतले. चिंबोऱ्या मात्र पिशवीत घालून घेतल्या. निर्लज्जपणाच तो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले तिकडे येते. आडवळणं घेतेय हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आपण तोवर केलेली कामं सगळी आपल्याच मुलखातली होती. कोकण, देश, सगळा काळा दगड. आपल्याकडे डोंगरावर पडलेलं पाणी उताराने ओढ्यात जातं, ओढा नदीला मिळतो. चारी बाजूंनी बंद असा खड्डा आपल्या डोंगरात सहसा नसतोच. म्हणून कॉम्प्युटरातल्या जमिनीत एखादा चौकोन शेजारच्या आठही चौकोनांपेक्षा खोल दिसला, की ती गिरवणाऱ्याची चूक समजायची आणि प्रोग्रॅमने तो खड्डा काठापर्यंत भरून टाकायचा. ही शिस्त मीच लावली होती आणि चार कामांत ती एकदाही फसली नव्हती. खड्डे भरले, हे मी दर वेळी मोठ्याने जाहीर करायचे, साहेबांना ऐकू जाईल असं.

तुम्हाला तो 'भरले' शब्द आवडायचा नाही. खिडकीतून तुम्ही मला एकदा दाखवलं होतंत, तो बसडेपो आहे तिथे तुमच्या मामाची खारजमीन होती आणि डेपोच्या मागे खाडीची कोंड, पुरुषभर पाण्याची. शहर आलं, भराव पडला. पण अजून पावसाळ्यात डेपोत पाणी तुंबतं ते बरोबर त्या कोंडीच्या जागी, ड्रायव्हर लोक नगरपालिकेला शिव्या घालतात, आणि मामा घरात बसून हसतो. मी म्हटलं होतं, दादा, तुमच्या मामाचा आणि माझ्या प्रोग्रॅमचा काय संबंध. तुम्ही म्हणालात, काय नाय, आपलं सांगितलं.

मग ते चुनखडीच्या पठाराचं काम आलं. दुसऱ्या राज्यातलं. तिथे तलाव बांधायचा होता आणि पठारावरचं पाणी कुठून कुठे वाहतं याचा नकाशा आपल्याला करून द्यायचा होता. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते. तिथे जमिनीत मोठमोठे खड्डे पडतात, वाहता ओढा येऊन त्यात गडप होतो आणि कोसभर खाली कुठेतरी झरा होऊन निघतो. हे मला आज पाठ आहे. त्या वेळी माहीत नव्हतं, आणि विचारून घ्यावं इतकीही अक्कल नव्हती. माझ्यासाठी तो आणखी एक डोंगर होता.

कागदी नकाशावर अशा खड्ड्याची रेषा ओळखायची खूण असते. बंद रेषेच्या आतल्या बाजूला बारीक काटे काढलेले असतात, माशाच्या काट्यासारखे. काम सुरू करताना तुम्ही मला विचारलं होतंत, ह्या काट्यांना कोणता नंबर द्यायचा. माझ्या यादीत काट्यांना नंबरच नव्हता. नदीला होता, रस्त्याला होता, देवळाला होता. मी म्हटलं, सोडून द्या ते, नुसती रेषा घ्या. तुम्ही माझं ऐकलंत आणि काटे सोडलेत. पण रेषेची उंची मात्र खरी लिहिलीत, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली.

प्रोग्रॅम चालवला तर त्रेसष्ट खड्डे. मला वाटलं, तुमचा हात इतका कसा घसरला. मोठ्या रेषेच्या आतली लहान रेषा म्हणजे टेकडीचा माथा, तिची उंची जास्त हवी, आणि तुम्ही त्रेसष्ट ठिकाणी कमी लिहिली होती. दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं. मूळ नकाशे आदल्याच दिवशी परत पाठवले होते. तुम्ही माझ्या टेबलाशी आलात आणि म्हणालात की बाय, ते भरू नको, ते कागदावर आहेत. सगळे बरोबर असं म्हणत नाही, चारपाच माझेही चुकले असतील, पण कागद परत मागव आणि बघ.

मी म्हटलं, खड्डे असते तर पाणी साठून तळी झाली असती, नकाशावर एक तरी तळं आहे का. जातं कुठे ते पाणी?

"ते मना म्हाईत नाय," तुम्ही म्हणालात. "पन ज्यानं तो नकाशा काढला तो मानूस तिथं पायी चालला होता. तू चाललीस का?"

मला राग आला. खरं कारण एवढंच होतं, दादा. सगळं ऑफिस ऐकत होतं, साहेब दारात उभे होते, आणि तुम्ही मला न चिडता, हळू आवाजात, सगळ्यांसमोर विचारलं होतंत. मग तुम्ही तुमचा ट्रेसिंग पेपर पुढे केलात. प्रत्येक नकाशा गिरवायला घेण्याआधी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने खुणा करायची तुमची जुनी सवय. त्यावर तुम्ही त्या खड्ड्यांच्या जागी टिंबं दिली होती, आणि बहुतेक टिंबांना ते बारीक काटे. मी तो कागद हातातही घेतला नाही. मी म्हणाले, "तुमच्याच हातचा आहे ना हा? ज्या हाताची चूक, त्याच हाताचा पुरावा कसा चालेल?"

तुमचा उजवा हात तुम्ही एकदा उताणा केलात, एकदा पालथा केलात, बघितलात, आणि जागेवर जाऊन बसलात. कागद माझ्या टेबलावरच राहिला.

मी त्रेसष्ट खड्डे भरले. अहवालात 'चुकीचं कारण' असा रकाना होता, त्यात त्रेसष्ट वेळा 'ऑपरेटरची चूक' लिहिलं. एकदा लिहून खाली कॉपी केलं, म्हणजे हातालाही त्रास झाला नाही. साहेबांनी तो रकाना वाचला आणि आठवड्याने तुम्हाला कंटूरच्या टेबलावरून उठवून मागच्या खोलीत बसवलं, छापून आलेल्या नकाशांना घड्या घालायला आणि पाकिटांवर लेबलं चिकटवायला. मी साहेबांना म्हणू शकले असते की थांबा, खात्री करून घेऊ. म्हटलं नाही. तुमच्या घड्या मात्र काय व्हायच्या, कडेला कड, जणू इस्त्री केलेल्या.

त्यानंतर तुम्ही मला परत 'बाय' म्हणाला नाहीत. वाईट बोलला नाहीत, टोमणा मारला नाहीत, डबासुद्धा पुढे करायचात. फक्त 'मॅडम' म्हणायचात. पहिल्या दिवशी त्या 'मॅडम'मध्ये चेष्टा होती, आता तीही नव्हती. मी वरवर दाखवायचे की मला काही फरक पडत नाही. चार महिने असे गेले.

मग ते पत्र आलं. त्या पठारावर प्रत्यक्ष फिरणाऱ्या भूगर्भवाल्या साहेबांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या नकाशात जो ओढा सरळ खाली वाहत जातो, तो इथे वाटेतच एका खड्ड्यात नाहीसा होतो, आणि असे खड्डे आम्ही आतापर्यंत अकरा पाहिले. तलावाची जागा त्यामुळे आम्ही बदलतो आहोत. न भरलेल्या उंचीची फाईल असेल तर पाठवा, आणि असे खड्डे कॉम्प्युटरला आपोआप ओळखता येतील असं काही करता आलं तर आम्हाला फार उपयोग होईल. पत्रात रागाचा शब्दही नव्हता. अकरा जागांची यादी जोडली होती. अकराही जागी तुमची टिंबं होती.

मागची खोली माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर होती. तुम्ही आत घड्या घालत होतात, कागदाचा आवाज येत होता. मी उठले, दारापर्यंत आले, आणि परत फिरले. मला वाटलं, नुसतं पत्र काय दाखवायचं. रिकाम्या हाताने माफी मागण्यापेक्षा सगळं काम पुरं करू, त्रेसष्टच्या त्रेसष्ट खड्ड्यांचा निवाडा करू, रंगीत नकाशा काढू आणि मग त्यांच्यापुढे ठेवू. दादा, हे ऐकायला चांगलं वाटतं. पण त्यात माझा तोराच होता. चूक कबूल करतानाही मला हुशार दिसायचं होतं.

प्रोग्रॅमचा पहिला भाग सोपा निघाला. भरलेल्या जमिनीतून न भरलेली जमीन वजा करायची, जे उरतं ते खड्डे. अडलं ते पुढे. यातला खरा कोणता आणि हात चुकल्याचा कोणता, हे कॉम्प्युटरने कसं ओळखायचं? मी खोली मोजली, रुंदी मोजली, गोलाई मोजली. खोटेही खोल निघायचे, खरेही उथळ असायचे. आठ दिवस डोकं आपटलं. तुम्ही एकदा पाणी प्यायला आलात, माझ्या पडद्याकडे बघितलंत, आणि मी पटकन पडदा काळा केला. तुम्हाला वाटलं असेल, आता हिला माझ्यापासून काम लपवावंसं वाटतं. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आणि मग मला ती ओहोटी आठवली. बिळाकडे बघू नको, बिळाकडे येणारी वाट बघ. मी खड्डा मोजायचं सोडलं आणि खड्ड्याकडे पाणी किती लांबून येतं ते मोजलं. हात चुकून पडलेल्या खड्ड्याकडे कुणीच येत नाही, आजूबाजूचे दोनचार चौकोन, बस. खऱ्या खड्ड्याकडे अख्खी दरी वळलेली असते, ओढा येतो आणि तिथे संपतो. प्रोग्रॅम दुपारी चालवला आणि पडद्यावर एकेक टिंब उमटत गेलं. मी तुमचा ट्रेसिंग पेपर टेबलाच्या खणातून काढला. चार महिने तो तिथेच होता, फेकून द्यायचं धाडस मला झालं नव्हतं. पडद्यावरची टिंबं आणि तुमची टिंबं जुळत होती. मी खुर्चीत बसून हसले, आणि मग रडले.

तेव्हा तरी उठायचं होतं. वीस पावलं. पण तुम्ही त्या दिवसापासून रजेवर होतात, अंगात कसकस आहे म्हणून. दरम्यान मी मूळ नकाशे परत मागवले होते, तेही आले. मी काटे मोजले. अठ्ठावन्न खड्ड्यांना काटे होते. मग वाटलं, आता सोमवारीच. चार दिवसांचा तर प्रश्न.

परवा हे सगळं मी वहिनींना सांगितलं. नकाशा ओटीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. निळी टिंबं म्हणजे खरे खड्डे. वहिनींनी विचारलं, ही लाल कसली. मी म्हटलं, ह्या चार दादांच्या चुका. त्यांनी चारही टिंबांवर बोट ठेवून बघितलं. "येवढ्या कागदात चारच?" असं म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडावर एक क्षण असं काही आलं की तुम्ही ते बघायला हवं होतंत. एक टिंब मी पिवळं ठेवलंय. त्या खड्ड्याला मूळ नकाशावर काटे नाहीत, पण तुमच्या कागदावर टिंब आहे, पुढे प्रश्नचिन्ह. माझा प्रोग्रॅम म्हणतो खरा. माझं मन म्हणतं तुमची चूक. ते भूगर्भवाले साहेब हिवाळ्यात तिथे जाऊन बघणार आहेत. तोवर आपलं भांडण चालू समजा. चार चुका मात्र चुकाच आहेत, दादा, त्या तुम्ही गेलात म्हणून मी सोडायची नाही.

मग वहिनींनी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर पत्र आलं त्या दिवशीच मी तुमच्या दाराशी धावले असते. निदान असं मला वाटतं. मागच्या खोलीत बसवल्यावर तुम्ही वाशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा गेलात. डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम आहेत. "मंग म्हनाले, डोले नाय तर हातच फिरला माझा," वहिनी म्हणाल्या. "पागाचं जालं विनायची सुई भावाला देऊन टाकली. पोरीच्या लग्नाला दारात रांगोली काढायला सांगितली तर नाय बोलले. आता रेघ सरल येत नाय बोलले. नुसते हाताकडं बघत बसायचे."

दादा, मी समजत होते की तुम्ही माझ्यावर रागावला आहात. चार महिने मी तुमच्या रागाला घाबरत होते. तुम्ही रागावला नव्हतातच. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होतात. कॉम्प्युटर शिकलेली पोर सांगते, त्रेसष्ट वेळा लिहून देते, म्हणजे खरंच असेल, असं धरून तुम्ही पंचवीस वर्षांच्या आपल्या हाताला खोटं पाडलंत.

काल मी नवा अहवाल केला. साहेबांनी तो रकाना वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की असं लिहायची गरज आहे का, तांत्रिक कारण असं मोघम लिहिलं तरी चालेल. मी म्हटलं, गेल्या वेळी मोघम लिहिलं नव्हतं. तर आता त्यात असं आहे. ऑपरेटरची चूक, चार. प्रोग्रॅम लिहिणारीची चूक, अठ्ठावन्न. ठरायचं बाकी, एक. खाली माझी सही. आणि काट्यांना माझ्या यादीत आता नंबर आहे. तुमचं टेबल खिडकीशी परत आणून ठेवलंय. त्यावर कुणीतरी बसेल, बसायलाच हवं, कामं पडली आहेत.

निघताना वहिनी नकाशा गुंडाळायला मदत करत होत्या. तुमचा ट्रेसिंग पेपर त्यांनी ठेवून घेतला. नकाशा तू ने म्हणाल्या, तो मशीनचा हाय. मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "ते पत्र कवा आलं होतं?"

खोटं सांगता आलं असतं. ते गेल्यानंतर आलं म्हणाले असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं आणि मलाही. मी सांगितलं, ते जायच्या एकवीस दिवस आधी.

त्यांनी ओटीवरच्या वाट्या एकात एक घातल्या. मग म्हणाल्या, "सांगायचं होतंस, बाय."

त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला उंबरा ओलांडता येईना. वीस पावलं होती, दादा. सांगायचं होतं. आता सांगते, तुमचा हात फिरला नव्हता.